चपळाई : अर्थ, वापर आणि कूळ

चपळाई म्हणजे समोर जे घडते आहे त्याला अनुसरून, तोल जाऊ न देता, शरीराची किंवा मनाची दिशा चटकन बदलता येणे. यातली प्रत्येक अट महत्त्वाची आहे. हालचालीत बदल हवा, तो काहीतरी पाहून, ऐकून किंवा स्पर्शाने कळून झालेला हवा, आणि बदलल्यावर माणूस पायांवर उभा राहायला हवा. सरळ रेषेत कोणी कितीही जोरात धावले तरी तो वेग झाला. शंभर मीटरचा धावपटू वेगवान असतोच. तो चपळ आहे की नाही हे त्या शर्यतीवरून कळत नाही. बोलण्यात हा भेद फारसा पाळला जात नाही. क्रीडापानांवर ‘चपळ’ आणि ‘वेगवान’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, आणि इंग्रजीत ‘अजिलिटी’चेही तेच होते. दोन्ही भाषांतल्या शब्दांची कुळे तपासली तर मात्र त्यांच्या मुळाशी वेगापेक्षा हलण्याची कल्पना ठळक दिसते. एका शब्दात सहज हलवता येणे आहे, दुसऱ्यात स्वस्थ न राहणे.

क्रीडाशास्त्रानेही हा भेद उशिराच मान्य केला. दिशा बदलत धावायला लावणाऱ्या कोणत्याही चाचणीला बराच काळ चपळाईची चाचणी म्हटले जाई. शाळकरी मुलांची शटल रन, १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आखणीत शंकूंमधून नागमोडी धावण्याची इलिनॉय चाचणी, इंग्रजी टी अक्षराच्या आकारात पुढे, बाजूला आणि मागे पळण्याची टी चाचणी, ५ मीटरवरच्या रेषेला पाय लावून पूर्ण उलटे वळण्याची ५०५ चाचणी, या सगळ्या त्याच वर्गातल्या. त्यांतली अडचण उघड आहे. कुठे वळायचे हे खेळाडूला आधीच ठाऊक असते. घोकून तयार केलेले उत्तर आणि जागच्या जागी सुचलेले उत्तर यांना या चाचण्या सारखेच गुण देतात.

शेपर्ड आणि यंग या दोन संशोधकांनी २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स सायन्सेस’मध्ये साहित्याचा आढावा घेऊन नवी व्याख्या मांडली. उद्दीपनाला प्रतिसाद म्हणून संपूर्ण शरीराने वेग किंवा दिशा झटकन बदलणे म्हणजे चपळाई, असा तिचा आशय. ‘उद्दीपनाला प्रतिसाद’ या शब्दांनी चित्र पालटले. ठरलेल्या मार्गावरचे वळणे ‘दिशाबदल’ या वेगळ्या खान्यात गेले आणि चपळाईत पाहणे, ओळखणे, ठरवणे यांना पायांच्या ताकदीइतकेच स्थान मिळाले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात नेटबॉल आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूंच्या चाचण्या झाल्या. वरच्या दर्जाचे आणि खालच्या दर्जाचे खेळाडू ठरलेल्या मार्गाच्या चाचणीपेक्षा प्रतिस्पर्ध्याची हालचाल पाहून वळण्याच्या चाचणीत अधिक स्पष्टपणे वेगळे पडले. फरक पायांत कमी आणि डोळ्यांत जास्त होता.

यामागे शरीराचे साधे गणितही आहे. धावत्या शरीराला वळायचे तर आधी थांबावे लागते, निदान वेग कमी करावा लागतो. वळण जितके तीव्र, तितका आधीचा वेग जास्त मोडावा लागतो. म्हणून चपळ खेळाडूची खरी ताकद वेग धरण्यात जेवढी असते तेवढीच तो सोडण्यात असते. मांडीच्या स्नायूंनी लांबत जाऊन धक्का झेलायचा, घोटा आणि गुडघा सांभाळायचा, गुरुत्वमध्य खाली आणायचा, आणि मग नव्या दिशेला रेटा द्यायचा. गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाच्या पुष्कळ दुखापती नेमक्या याच क्षणी होतात, समोरच्याचा धक्का लागलेला नसतानाही. त्यात प्रतिसादाचा काळ मिळवावा लागतो. साध्या आवाजाला हालचालीने उत्तर द्यायला निरोगी तरुणाला सेकंदाच्या सुमारे सहाव्या-सातव्या भागाइतका वेळ लागतो, प्रकाशाच्या खुणेला त्याहून थोडा जास्त. सरावाने हा काळ फारसा घटत नाही. घटतो तो ओळखण्याचा काळ: समोरच्याच्या कंबरेवरून, खांद्यावरून तो कुठे जाणार हे आधी कळणे. जमिनीवर दोरीची शिडी अंथरून तिच्या चौकटींत पाय टाकण्याचा सराव आज प्रत्येक मैदानावर ‘अजिलिटी ट्रेनिंग’ म्हणून चालतो. तो पदलालित्याला उपयोगी आहे, पण शिडी कोणाला हुलकावणी देत नाही.

प्राणिसृष्टीतले उदाहरण चित्त्याचे. त्याची ख्याती वेगासाठी आहे. बोट्स्वानातील रानटी चित्त्यांच्या गळ्यात संवेदक बसवून मोजलेली निरीक्षणे ‘नेचर’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांत सर्वोच्च वेग ताशी सुमारे ९३ किलोमीटर नोंदला गेला, पण बहुतेक शिकारी यापेक्षा बऱ्याच कमी वेगात झाल्या. शिकार साधली जाते ती जमिनीवरची पकड, एकाएकी वेग घेणे, एकाएकी मोडणे आणि अरुंद वळणे यांच्या जोरावर. शेवटच्या टप्प्यात चित्ता वेग वाढवत नाही, कमी करतो. भक्ष्यही वळत असते.

चपळाईच्या शास्त्रीय व्याख्येला अगदी तंतोतंत बसणारा खेळ महाराष्ट्रातलाच आहे. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पट्टीवर चौकटींत, एकाआड एक उलट तोंडे करून बसतात, नववा पळतो. या नवव्यावरची बंधने कडक आहेत. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळायचे नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणाऱ्या गड्याला यातले काहीच बंधन नाही. तो बसलेल्यांच्या मधून हवा तसा इकडून तिकडे जातो. म्हणजे एका बाजूची चपळाई नियमाने काढून घेतली आहे, आणि ती परत मिळवण्याचा एकच मार्ग ठेवला आहे: खो. पाठीमागून हाताचा स्पर्श आणि तोंडाने शब्द, दोन्ही एकदम. बसलेला गडी उठतो आणि संघ पट्टीच्या पलीकडे पोचतो. एका गड्याला वळता येत नाही, पण नऊ जणांचा संघ मिळून वळतो. बसलेल्या गड्याला स्पर्शाने आणि आवाजाने मिळणारी खूण म्हणजे शेपर्ड आणि यंग यांचे ‘उद्दीपन’च, त्यांच्या नव्वद वर्षे आधी नियमपुस्तकात बसवलेले.

पळणाऱ्याची बाजूही तेवढीच बारकाईची आहे. साखळी पद्धतीने खेळताना तो एक-दोन गडी सोडून नागमोडी जात राहतो. गोलात खेळताना थोड्या गड्यांभोवती फिरत पाठलाग करणाऱ्याला खो द्यायला भाग पाडतो. खांबाजवळ दोघांची खरी परीक्षा होते, कारण तिथे पाठलाग करणाऱ्यालाही वळण्याची मुभा असते. खांबावर झोकून देऊन मारलेला सूर पाहायला देखणा असतो, पण जाणकार प्रेक्षक त्याआधीची हूल पाहतो. खो द्यायचा आव आणून न देणे किंवा न देण्याचा आव आणून देणे, यावर गडी बाद होतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’ या लीगने ‘वजीर’ नावाचा गडी आणला, ज्याला कोणत्याही दिशेने पळता येते. खेळ वेगवान झाला आणि दूरचित्रवाणीला तो मानवला. जुन्या खेळातली बंधनातून वळण्याची गंमत त्याने थोडी कमी केली, हेही खरे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताने मिळवली. दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध होते.

कबड्डीत हेच तत्त्व चढाई करणाऱ्याकडे आहे. एकाने सात जणांच्या अंगणात जाऊन, दम धरून, स्पर्श करून परतायचे. तिथली चपळाई मागे जाण्याची आहे, आणि मागे जाताना नजर पुढेच ठेवावी लागते.

आता शब्दाचे कूळ. ‘अजिलिटी’ इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आढळतो. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे लॅटिनमधून. लॅटिन ‘आगिलिस’ हे विशेषण ‘आगेरे’ या क्रियापदापासून झाले आहे. त्या क्रियापदाचा अर्थ हाकणे, चालवणे, करणे. ‘इलिस’ हा प्रत्यय सहज होण्याजोगे असा अर्थ देतो; तेव्हा ‘आगिलिस’ म्हणजे सहज हाकता येईल, सहज चालवता येईल असे. मराठीत रुळलेले एजंट आणि अजेंडा हे शब्द याच ‘आगेरे’ची पोरे. त्यांपैकी अजेंडा म्हणजे करावयाच्या गोष्टी, हा अर्थ तर जसाच्या तसा टिकला आहे.

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्राने या शब्दाला एक अनपेक्षित जागा दिली. पुनरुत्थानानंतर पुण्यवंतांच्या देहाला चार गुण लाभतात, असे टॉमस अक्विनाससारखे पंडित मानत: अविनाशित्व, सूक्ष्मता, तेज आणि चौथी ‘आगिलितास’. आत्मा इच्छील तिथे देह विनाविलंब जाणे, असा तिचा अर्थ. इथे देह हाकला जातो आणि हाकणारा आत्मा असतो. ‘आगेरे’चा जुना अर्थ त्यात बरोबर सांभाळला आहे. योगशास्त्रातल्या लघिमा सिद्धीची आठवण व्हावी अशी ही कल्पना आहे, मात्र दोहोंचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही.

खरा ऐतिहासिक संबंध दुसरीकडे सापडतो. लॅटिन ‘आगेरे’ आणि संस्कृत ‘अज्’ हे एकाच आद्य भारोपीय धातूचे वंशज आहेत. पाणिनीय धातुपाठ ‘अज्’ धातूला गती आणि क्षेपण हे अर्थ देतो. त्याच्यापासून ऋग्वेदातला ‘आजि’ शब्द आला. त्याचा अर्थ शर्यत, स्पर्धा, आणि पुढे युद्ध. त्याच्यापासूनच ‘अजिर’ हे विशेषण आले आणि त्याचा अर्थ नेमका चपळ, शीघ्रगामी असा आहे. म्हणजे ‘अजिलिटी’ला संस्कृतात सख्खे भावंड होते. ते मराठीपर्यंत पोचले नाही. नंतरच्या संस्कृतात ‘अजिर’चा अर्थ अंगण असा उरला, बहुधा धावायची मोकळी जागा या वाटेने; अमरकोशात तो अंगणाच्या पर्यायांतच सापडतो. विशेषण विसरले गेले आणि मैदान तेवढे राहिले. या कुळातला एक शब्द मात्र मराठीत रोज वापरला जातो आणि तो कोणाला ओळखू येत नाही: समाज. ‘सम्’ आणि ‘अज्’ यांपासून पाणिनीय परंपरा दोन शब्द बनवते. जनावरांच्या कळपाला समज, आणि इतरांच्या, मुख्यतः माणसांच्या, समूहाला समाज. एकत्र हाकले जाणे हे दोघांचेही मूळ.

मराठीने चपळाईसाठी निवडलेला शब्द दुसऱ्याच घरचा आहे आणि त्याची पूर्वपीठिका फारशी चांगली नाही. संस्कृत ‘चपल’ची व्युत्पत्ती देताना वैयाकरणांची अडचण झालेली दिसते. उणादिसूत्रे तो ‘चुप्’ धातूपासून साधतात, आणि धातुपाठात ‘चुप्’चा अर्थ आहे मंद गती! कंपनाच्या ‘कम्प्’ धातूशी त्याचा संबंध मोनियर-विल्यम्सच्या कोशाने जोडला आहे. अर्थाच्या दृष्टीने तो अधिक पटतो, कारण जुन्या संस्कृतात चपल म्हणजे आधी थरथरणारे, हेलकावणारे, स्थिर न राहणारे. त्यावरून वीज चपला झाली, लक्ष्मी चपला झाली, आर्या वृत्ताचा एक प्रकार चपला झाला, आणि पिंपळी या औषधी वनस्पतीलाही ते नाव मिळाले. पाऱ्याला चपल म्हणत. रसशास्त्रात चपल नावाचे एक खनिजही आहे, आणि अग्नीवर कथलाप्रमाणे लगेच वितळते म्हणून ते चपल, असे त्या शास्त्राचे ग्रंथ सांगतात. जुन्या मराठी कवितेतही वीज चपला म्हणून चमकते. आजच्या वाचकाला तिथे पायातल्या चपला आठवल्या तर त्याचा दोष नाही.

माणसाच्या बाबतीत हा शब्द दूषणच होता. गृहस्थाने हातापायांचा, डोळ्यांचा आणि वाणीचा चपलपणा टाळावा असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. भगवद्‌गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या यादीत ‘अचापल’ हा एक गुण आहे, म्हणजे चापल नसणे हा सद्‌गुण. भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भावांत चपलता मोजली आहे. तिची कारणे राग, द्वेष, मत्सर, ईर्ष्या अशी आणि तिचे परिणाम कठोर बोलणे, मारहाण असे सांगितले आहेत. आजच्या प्रशिक्षकाला खेळाडूत हवी असते ती चपलता ही नव्हे. रघुवंशाच्या आरंभी कालिदासही आपण हे काव्य लिहायला धजावलो, हे आपले चापल आहे असे म्हणतो. तिथे शब्दाला अविचाराची छटा आहे, आणि विनयाची गोडीही.

मग मराठीत हा शब्द गुणवाचक कसा झाला? त्याच्या रूपाकडे आधी पाहावे लागते. स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा ‘ळ’ होणे हे मराठीचे वळण आहे: फल-फळ, काल-काळ, बल-बळ, तसे चपल-चपळ. पण स्वरांमधला ‘प’ प्राकृतात ‘व’ होत असे, कपाट-कवाड, दीप-दिवा. प्राकृतात ‘चवल’ हे रूप आहेच. मराठी ‘चपळ’मध्ये ‘प’ टिकला आहे, तेव्हा हा शब्द पूर्णपणे बोलीतून घडत आलेला नाही. ग्रंथांतून, कीर्तन-पुराणांतून तो पुन्हा संस्कृतातून घेतला गेला आणि मग मराठी उच्चारात बसला, असे मानावे लागते. चपळ हे विशेषण झाल्यावर मराठीने आपला ‘आई’ प्रत्यय लावून चपळाई केली, आणि संस्कृत नामे चापल्य, चपलता बाजूला तत्सम म्हणून राहिली.

अर्थाचे काम मराठीने वाटून दिले. स्थिर न राहण्यातला दोष ‘चंचल’कडे गेला. मन चंचल, लक्ष्मी चंचल, वृत्ती चंचल. कामाचा गुण ‘चपळ’कडे आला. बोटे चपळ, पाय चपळ, खार चपळ, म्हातारपणीही हिंडतीफिरती असलेली आजी चपळ. हिंदीत ‘चपल’ आणि ‘चंचल’ बरेचदा जोडीनेच येतात. मराठीत चंचल मुलगा आणि चपळ मुलगा यांबद्दल शाळेत तक्रार एकाचीच होते. तत्सम नामे अधूनमधून जुन्या वाटेने जातात. बुद्धिचापल्य ही स्तुती आहे, जिव्हाचापल्य हे खादाडपणाचे सभ्य नाव. एकाच शब्दाची ही दोन तोंडे पुस्तकी मराठीतच टिकली. बोलीतल्या चपळाईला वाईट अर्थ जवळजवळ उरला नाही.

शेजारच्या शब्दांचा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. फारसीतील ‘चालाक’चा मूळ अर्थ चपळ, तरतरीत. हिंदीत त्याचा धूर्त झाला. मराठी ‘चलाख’ मध्येच थांबला: चलाख मुलगा हे कौतुक आहे, पण हातचलाखी म्हटले की खिसा चाचपावा लागतो. फारसी ‘चुस्त’ही मुळात चपळ, तो मराठीत कपड्यांच्या घट्टपणाकडे वळला. घाईच्या अर्थाच्या ‘शिताब’पासून ‘शिताफी’ झाली, आणि आज ती बातम्यांत मुख्यतः पोलिसांच्या वाट्याला येते. चोर कधी साधेपणाने पकडला जात नाही, तो शिताफीनेच पकडला जातो. देशी शब्द आवाजावरून घडलेले आहेत. चटकन, झटकन, पटकन ही क्रियाविशेषणे. चटपटीत, चुणचुणीत ही विशेषणे. यांत चपळाई आहे पण दिशा बदलण्याची कल्पना नाही. ती ‘हूल’ आणि ‘हुलकावणी’त आहे, आणि मैदानावरचे लोक तेच शब्द वापरतात.

संस्कृतात चपळाईची स्तुती करायची असे तेव्हा ‘लाघव’ हा शब्द पुढे येई. लघु म्हणजे हलके. लाघव म्हणजे हलकेपणा आणि त्यातून येणारी सहजता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाचे फायदे सांगताना पहिले स्थान लाघवाला आहे, नंतर काम करण्याचे सामर्थ्य, स्थैर्य वगैरे. हठप्रदीपिकेत आसनांचे फळ म्हणून स्थैर्य आणि आरोग्यासोबत अंगलाघव सांगितले आहे. धनुर्धराचे कौशल्य ते हस्तलाघव. व्याकरणात सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी ते लाघव, आणि वैयाकरणांना त्याचा आनंद पुत्रजन्माइतका होतो असे परंपरेने विनोदाने म्हटले आहे. मराठीत या शब्दाने भलतेच वळण घेतले. हस्तलाघव जादूगाराकडे गेले आणि लाघवी माणूस म्हणजे गोड बोलून आपलेसे करणारा.

हा शब्द शारीरिक अर्थाने पुन्हा वापरात आणण्याजोगा आहे, आणि त्याला योग्य असा खेळही आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रूढ केलेल्या मल्लखांबाला वर्तमानपत्रे ‘चपळाईचा खेळ’ म्हणतात. पण मल्लखांबपटूसमोर प्रतिस्पर्धी नसतो. उड्या, पकडी, तिढी, सगळे आधी ठरलेले आणि घोटलेले असते. कौशल्य असते ते अंग हलके करून खांबाशी एकजीव होण्यात. नव्या व्याख्येप्रमाणे ही चपळाई ठरत नाही. अंगलाघव हा शब्द मात्र त्या कौशल्याला तंतोतंत बसतो.

माणसाच्या शरीरावरून चपळाई हा गुण सैन्यांना लावला गेला हे स्वाभाविक होते. मराठ्यांच्या लढाईचे वर्णन चपळ या विशेषणाशिवाय क्वचितच होते, आणि इथे विशेषण सार्थ आहे. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला तो अवजड तोफखाना आणि चालत्या शहरासारखी छावणी घेऊन. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांची घोडदळे थोड्या सामानानिशी हिंडत, रसद तोडत, आणि समोरासमोरची लढाई आपल्या सोयीची असेल तेव्हाच देत. १७०७ मध्ये अहमदनगरला बादशहाचा मृत्यू झाला तेव्हाही ते युद्ध संपलेले नव्हते. विसाव्या शतकात अमेरिकी लष्कराने १९८२ च्या युद्धनियमावलीत पुढाकार, खोली आणि समन्वय यांच्या जोडीने ‘अजिलिटी’ हे अधिकृत तत्त्व केले. शत्रूपेक्षा आधी ओळखणे, ठरवणे आणि कृती करणे असा तिथे तिचा अर्थ आहे. क्रीडाशास्त्राच्या व्याख्येपासून तो फार दूर नाही.

कारखानदारीत हा शब्द १९९१ च्या सुमारास आला. लीहाय विद्यापीठाच्या आयाकोका इन्स्टिट्यूटने अमेरिकी उद्योगांच्या भवितव्याबद्दल केलेल्या अहवालाने ‘अजाईल’ उत्पादनाची कल्पना पुढे आणली: मोठ्या प्रमाणावर एकच वस्तू काढण्यापेक्षा मागणी बदलली की उत्पादन बदलता येणे. पण आज पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत ऐकू येणारे ‘अजाईल’ सॉफ्टवेअरचे आहे, आणि त्याचा जन्म तारखेनिशी सांगता येतो. ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी चार मूल्यांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. बारा तत्त्वे त्याला जोडलेली आहेत. आधी सगळा आराखडा कागदावर पक्का करायचा, मग वर्ष-दोन वर्षे बांधत राहायचे, या पद्धतीला तो विरोध होता. चौथे मूल्य बदलाला प्रतिसाद देण्याचे आहे. आराखडा धरून बसण्यापेक्षा त्याला महत्त्व द्यावे असे ते सांगते, आणि ‘आगिलिस’चा अर्थ त्यात चांगला जपला आहे.

नाव निवडण्याची हकीगत त्याहून रंजक आहे. त्याआधी या पद्धतींना इंग्रजीत ‘लाइटवेट’, म्हणजे हलक्या, म्हणत. जमलेल्यांपैकी काहींना ते रुचेना. हलके म्हटले की किरकोळ समजले जाते. म्हणून ‘अजाईल’ स्वीकारले गेले. संस्कृताच्या भाषेत सांगायचे तर लाघव टाकून चापल घेतले. मार्टिन फाउलर या ब्रिटिश सदस्याने एकच शंका काढली, की बहुतेक अमेरिकनांना हा शब्द उच्चारता येत नाही. या पद्धतींच्या परिभाषेतले काही ठळक शब्द खेळांतूनच आले. ‘स्क्रम’ रग्बीतून आला. ‘स्प्रिंट’ धावण्यातून, आणि तो निवडताना कोणाच्या लक्षात आले नसावे की स्प्रिंट म्हणजे सरळ रेषेत, न वळता, जीव तोडून धावणे. पुष्कळ संघांत आज तसेच होते. दोन आठवड्यांचे ठरवलेले काम संपवायचे, रोज सकाळी उभे राहून हजेरी द्यायची, आणि मधेच दिशा बदलायची वेळ आली तर वरच्यांची परवानगी मागायची. त्याला ‘अजाईल’ म्हणतात, पण चपळाईची पहिली अट, बदल, त्यातून निघून गेलेली असते.

व्यवस्थापनाने नंतर हा शब्द मनालाही लावला. शिकण्याची चपळाई, भावनिक चपळाई. शेवटच्या विषयावरचे सुझन डेव्हिड यांचे पुस्तक २०१६ मध्ये आले. कुत्र्यांनाही तो मिळाला आहे. लंडनच्या क्रफ्ट्‌स प्रदर्शनात १९७८ साली फावल्या वेळेत करमणूक म्हणून घोड्यांच्या उडी-शर्यतींच्या धर्तीवर कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत दाखवली गेली, आणि तिचा ‘डॉग अजिलिटी’ नावाचा खेळ झाला. तिथे मार्ग आधी कुत्र्याला ठाऊक नसतो. धावणाऱ्या मालकाच्या हाताची आणि आवाजाची खूण पाहून तो वळतो. पुष्कळ चपळाई-चाचण्यांपेक्षा हा खेळ व्याख्येला अधिक धरून आहे.

मराठी लिहिणाऱ्याने या गर्दीत काय करावे? सॉफ्टवेअरची पद्धत हे विशेषनाम आहे. तिला ‘अजाईल’च म्हणावे. ‘चपळ पद्धत’ असे भाषांतर मराठी संगणक अभियंत्यालाही कळत नाही आणि इतरांना भलतेच काही सुचवते. संघ, कंपनी किंवा सरकारी खाते खरोखर दिशा बदलू शकते असे म्हणायचे असेल तर चपळ हा शब्द पुरेसा आहे. बदलू शकत नसेल तर तो लावू नये. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ठरलेल्या मार्गावर वळण्याला दिशाबदल, समोरचे पाहून वळण्याला चपळाई, आणि मल्लखांबासारख्या घोटलेल्या कौशल्याला अंगलाघव म्हणावे. तिन्ही शब्द मराठीला परके नाहीत, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.